ब्रेक मारून बोट सरकवू नये
ट्रेलरवर पुढे-मागे किंवा तिरकी बसलेली बोट पुन्हा पाण्यात न नेता जागेवर आणण्याची एक युक्ती सध्या हातोहात फिरते आहे. बोट बांधणारे पट्टे सोडा, ट्रेलर थोडा वेगात मागे घ्या आणि एकदम ब्रेक दाबा, म्हणजे बोट हवी तेवढी मागे जाईल. पुढे आणायची असेल तर उलट करा. आधारपट्ट्यांवर, म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या लांब पट्ट्यांवर, साबणाचे पाणी ओता आणि उरलेले काम विंचवर, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या पुढच्या चरखीवर, सोडा, असे तिच्यात सांगितले जाते. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला घातक आहे.

बोट ‘हवी तेवढी’ सरकते, हा दावा सर्वांत फसवा आहे. जागची बोट हलवायला लागणारे बल ती हलल्यानंतर लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असते, त्यामुळे साध्या ब्रेकला ती दाद देत नाही आणि जोरदार ब्रेकला सुटते ती थांबत नाही. ताशी 10 किलोमीटर वेगातला ट्रेलर अर्ध्या मीटरमध्ये थांबला आणि बोटीचा वेग त्याच्या निम्म्यानेच कमी होत गेला, तर बोट ट्रेलरवर अर्धा मीटर सरकलेली असेल. आपल्याला हवे असतात चार-पाच सेंटिमीटर. शिवाय वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते, आणि एवढ्या कमी वेगातला असा फरक चालकाच्या लक्षातही येत नाही.

या युक्तीसाठी पट्टे आणि नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, सुरक्षासाखळी सोडावी लागते, म्हणजे अंदाज चुकला तर बोटीला अडवणारे काहीच उरत नाही. मागे सरकलेली बोट जमिनीवर आदळते, पुढे सरकलेली विंचचा खांब वाकवते.

साबणाने घर्षण कमी होते, हे खरे आहे. पण ते बोट सरळ झाल्यावरही कमीच राहते, आणि पुढच्या वेळी उतारावर विंचचा पट्टा जरा लवकर सुटला तर बोट पाण्याआधीच काँक्रीटवर जाते.

विंचबद्दलचा समज तर मुळातच चुकीचा आहे. 900 किलोची बोट गालिचा चढवलेल्या कोरड्या पट्ट्यांवर ओढताना घर्षणांक 0.4 धरला, तरी सुमारे 360 किलोची ओढ लागते, आणि ड्रमवर पट्ट्याचे थर वाढतील तशी विंचची ताकद घटत जाते. ताणलेला पट्टा तुटला तर त्याच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

पाण्यात न जाता काम होऊ शकते, एवढे मात्र या युक्तीतले मान्य करावे लागेल. पण त्यासाठी बोटीला हिसका द्यायचा नसतो, तिचे ओझे आधारावरून उतरवायचे असते. सपाट, टणक जमिनीवर चाकांना पुढून-मागून पाचरी लावाव्यात आणि ट्रेलरची गाडीला जोडायची दांडी पुढच्या जॅकने पूर्ण खाली आणावी, म्हणजे बोटीची पिछाडी वर उचलली जाते. तिच्याखाली दोन्ही कोपऱ्यांशी, जिथे तळ भक्कम असतो तिथे, जाड लाकडी ठोकळे रचावेत आणि मग दांडी हळूहळू उचलावी. ट्रेलरचे मागचे टोक खाली जाते, बोट ठोकळ्यांवर राहते आणि पट्ट्या मोकळ्या होतात. मग बोटीला हात न लावता पट्ट्यांचे यू-बोल्ट सैल करून पट्ट्याच तिच्याखाली नीट बसवाव्यात. या वेळी बोटीखाली कोणीही शिरू नये. नाळ आणि तिचा रबरी आधार यांत अंतर उरत असेल, तर बहुतेक वेळा विंचचा खांबच पुढे-मागे करणे पुरते. मात्र पट्ट्या पिछाडीच्या टोकापर्यंत पोहोचल्याच पाहिजेत, नाहीतर इंजिनाचे वजन अधांतरी राहून तळाला बाक येतो. बोट जड असेल किंवा बरीच सरकवायची असेल, तर पाण्यात जाण्याला पर्याय नाही. तिथेही ट्रेलर फार खोल बुडवू नये, कारण पिछाडी तरंगत राहते आणि बाहेर काढताना बोट पुन्हा तिरकी बसते.

बोटीची जागा बदलल्यावर गाडीच्या जोडावर येणारे वजन पुन्हा मोजावे. ते एकूण वजनाच्या साधारण 10 टक्क्यांच्या आसपास असावे लागते; बोट मागे गेली की ते घटते आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो.