आईच्या वाटीतली धूळ

सकाळी पाव आणायला गेले तर बेकरीचं शटर अर्ध्यावर. चाचा बाहेर स्टुलावर बसलेले. म्हणाले, "भट्टी बंद केली बेटा. नवीन ओव्हन परवडेपर्यंत बाहेरून माल आणून विकणार." मी लहान होते तेव्हापासून या भट्टीचा पाव खातेय. काय बोलावं कळेना. तसाच दोन लादी पाव घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

कारण बेकरीच्या मागच्याच गल्लीत रेडिमिक्स काँक्रीटचा, म्हणजे सिमेंट-खडी कालवून तयार काँक्रीट बांधकामांना पुरवणारा प्लांट आहे. तो सुरू आहे.

लाकडाच्या भट्टीचा धूर वाईटच, त्यातून जुन्या फर्निचरचं पॉलिश लागलेलं लाकूड जाळलं तर विष. मान्य. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडा म्हणून सांगितलं, तेही बरोबर. पण नियम चाचांच्या दारात पोचतो आणि मागच्या गल्लीत वळत नाही, हे मला सहन होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईने खिडकीच्या कडेची धूळ रंगाच्या ब्रशने झाडून स्टीलच्या वाटीत गोळा करायला घेतली. आठ दिवसांत अर्धी वाटी. राखाडी, चिमटीत पिठासारखी मऊ. एक दिवस कुंडीला घातलेलं पाणी त्यात उडालं, तर दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाला सिमेंटसारखा खडा चिकटलेला. आई म्हणाली, "हे आपल्या छातीत जातंय गं."

मी तक्रार केली. ऑनलाइन, मग लेखी, मग पुन्हा लेखी. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एक साहेब आले, सकाळी अकराला. प्लांटचं आवार पाणी मारून ओलं चिंब, मशीन बंद. काम चालतं रात्री, मिक्सरच्या गाड्या रात्रभर ये-जा करतात, हे मी तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं! आईने वाटी पुढे केली. ते म्हणाले, "मावशी, हे चालत नाही. यंत्रावर मोजावं लागतं." मग यंत्र आणा ना! ते आजतागायत आलेलं नाही.

हवेचा कायदा १९८१ चा आहे. प्लांटला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, संमतीपत्रात अटी असतात. मुंबई पालिकेनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीचे नियम काढले, ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाला ३५ फुटी पत्रा मारायचा, पाण्याचे फवारे मारायचे. कागद कमी नाहीत आपल्याकडे. त्यात २०२३ च्या जन विश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून दंड आणला, १० हजार ते १५ लाख. चाचांसाठी १० हजारही डोंगर. ज्याचे मिक्सर रात्रभर पळतात त्याला दंड हा नुसता खर्चाचा आकडा वाटणार, दुसरं काय?

त्या साहेबांचा आता तेवढा राग येत नाही. माझ्या भावाच्या वयाचे असतील, शर्ट घामाने भिजलेला, आईने दिलेलं पाणी उभ्यानेच प्यायले. मंडळात माणसं कमी आहेत, एकेकाच्या अंगावर शेकडो ठिकाणं, हेही खरं. पण रात्री एकदा येऊन जा, एवढंच तर मागत होतो. घर बांधायला काँक्रीट लागतं, हे मलाही कळतं. खडी-वाळू ओतायचा हॉपर झाकून, सिमेंटच्या टाकीचा म्हणजे सायलोचा फिल्टर चालू ठेवून, गाड्यांची चाकं धुवून ते तयार होत नाही का?

चाचांनी मात्र कुणाशी भांडण केलं नाही. नोटीस आली, भट्टी विझवली. दोन कारागीर गावी गेले.

मी सोमवारी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. आपल्या गल्लीतल्या ज्यांच्या खिडक्या प्लांटकडे उघडतात त्यांनी रात्री अकरानंतरचे व्हिडिओ पाठवा, तारीख-वेळ दिसेल असे. आई येणार म्हणतेय. खडा चिकटलेली ती वाटी तिने अजून घासलेली नाही, तीच बरोबर घेणार आहे.