पपईचा रस आणि ताप उतरल्यानंतरचे दिवस

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गल्लीच्या, भावकीच्या आणि गणपती मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘पपईच्या पानांचा रस घ्या, प्लेटलेट्स झपाट्याने वाढतात, डेंग्यू घरीच बरा होतो. ताप उतरला की धोका टळला. गुडघ्यापर्यंत खोबरेल लावा, हा डास त्याच्या वर उडत नाही. पुढे पाठवा, पाठवायला काय जातंय?’

आधी रसाचं. काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट्स थोड्या वाढलेल्या दिसल्या. पण रसामुळे शॉक (रक्तदाब कोसळणं) किंवा मृत्यू टळतो, याचा भक्कम पुरावा नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरतात आणि बहुतेकांच्या काही दिवसांत आपोआप वर येतात. त्या वेळी पोटात जे गेलेलं असतं, त्याला श्रेय मिळतं.

‘ताप उतरला की धोका टळला’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतो त्याच सुमारास, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. पोटात जोराने दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, पोर मलूल किंवा बेचैन होणं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. तिथे हिशेबाने दिलेलं सलाईन जीव वाचवतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगावला पोचायलाच वेळ लागतो. रसाच्या भरवशावर काढलेली एक रात्र जिवावर बेतू शकते. आणि ग्रुपवर कुणी सुचवलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी अंगदुखीची गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते, ती घेऊच नका.

खोबरेलाचं थोडक्यात: हा डास वरच्या मजल्यावरच्या घरांतही सापडतो, दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. ती झाकायला हवीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायला हवीत, कारण अंडी कडांना चिकटून राहतात. 2024 च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं, डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंडही ठेवला.

पाठवायला काय जातंय? आजाऱ्याचा वेळ जातो. मेसेज मामाने किंवा शेजाऱ्याने पाठवलेला असतो, म्हणून लोक तसं वागतात. सरकारी पत्रकं बहुतेक कानडीत. ती वाचता न येणाऱ्या आज्यांना मराठीतला मेसेज हाच आधार. म्हणून ग्रुप बंद करा, असं मी म्हणणार नाही. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत लोकांनी अशाच ग्रुपांवरून ऑक्सिजन आणि बेड शोधले. यंदा तो मेसेज आला की त्याच्याखाली वरची लक्षणं मराठीत टाका, सोबत रुग्णवाहिकेचा 108 नंबर.