कुणाला त्रास न देता दारुड्याच्या घरी वाढावं कसं

घर पुण्यात असेल तर अर्धं काम सोपं झालं म्हणायचं. शहर सुसंस्कृत आहे. तुमच्या घरात रात्री काय चालतं ते सगळ्यांना ऐकू जातं आणि कुणीही मध्ये पडत नाही. त्यातून जनता वसाहतीसारख्या ठिकाणी, पर्वतीच्या उतारावर पत्र्याला पत्रा लागून घर असेल तर लाजायचंही कारण नाही, शेजारच्या पत्र्याआडूनही तसलाच आवाज येत असतो. लाज राखून ठेवायची ती शाळेसाठी.

शाळेत पहिली लागते ती पालकाची सही. ती तिसरी-चौथीतच शिकून घ्यावी. बाप सकाळी उठलेला नसतो, रात्री पेन धरण्याच्या अवस्थेत नसतो आणि आई उजाडायच्या आत धुण्याभांड्यांना गेलेली असते. मात्र सुरुवातीपासून एकच वळण ठेवावं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने बापाची सही इतकी छान बसवली होती, की सातवीत एकदा तो शुद्धीत असताना त्याने हौसेने प्रगतिपुस्तकावर स्वतः सही केली, तर बाईंनी तिला वर्गात उभं केलं. ‘ही खोटी आहे, खरी घेऊन ये.’ तिने मधल्या सुट्टीत खरी करून दिली.

पालकसभेला ‘वडील ड्युटीवर आहेत’ म्हणावं. कसली ड्युटी, ते बाई विचारत नाहीत.

जेवणाची काळजी नको. शाळेत खिचडी असते, पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम तांदळाची आणि सहावी ते आठवी 150 ग्रॅमची. फक्त रविवारी आणि मे महिन्यात भूक लागू देऊ नये. आठवीनंतर ती लागतच नाही असा सरकारचा अंदाज आहे, योजना तिथेच संपते.

पैशांचं मात्र नीट शिकून घ्यावं लागतं. बांधकामावर आठवडा शनिवारी मिळतो. आई तुम्हाला संध्याकाळी साइटच्या गेटवर उभं करते, पण बाप मागच्या बाजूने निघून जातो, त्यामुळे खरं काम रात्री. तो घोरायला लागला की खिसा बघावा. सगळे काढू नयेत, सकाळी बोंब होते. तीनशे सत्तर उरले असतील तर सत्तर काढावेत. उतरल्यावर माणसाला शेकडे आठवतात, वरचे सुटे आठवत नाहीत. नाण्यांना हात लावू नये, वाजतात.

कान तयार ठेवावेत. गल्लीच्या तोंडाशी तो गाणं म्हणत आला तर निश्चिंत राहावं. अशा रात्री तो भजी आणतो, बारा वाजता सगळ्यांना उठवतो आणि ‘खा रे माझ्या राजा’ म्हणून भरवतो. झोप कितीही आली असली तरी ती आनंदाने खावीत, नाही खाल्ली तर गाणं थांबतं. गप्प आला तर वेळ घालवू नये. स्टोव्ह पेटलेला असेल तर विझवावा, विळी पलंगाखाली सरकवावी, धाकट्याला काखेत मारून शेजारच्या मावशींकडे जावं. जाताना दप्तर घ्यावं. पोरं घाईत दप्तर विसरतात आणि मग वही फाडली कुणी, याचं उत्तर शाळेत उंदराच्या नावावर खपवावं लागतं. उंदीर तरी किती वह्या खाणार!

‘जा, एक संत्रा घेऊन ये’ असं फर्मान सुटलं तर मुकाट्याने जावं. मुलांकरवी दारू मागवणं हा 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण दुकानदार ओळखीचा असतो, तो हिशेबाच्या वहीत मांडून ठेवतो आणि वर तुम्हाला गोळी देतो. तुम्हीही कायदा वाचत बसू नये, वाचला तर आपलाच बाप आरोपी निघतो. तसा तो आधीच आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला अजूनही परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपयांना मिळतो. बाप ते दोन रुपये वाचवतो. घरात काटकसर कुणीच करत नाही असं नाही.

उपाय सुचवणारे भेटतील, सगळ्यांचं ऐकावं. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की मामा बापाच्या गळ्यात तुळशीची माळ घालतो. ती गटारी अमावास्येपर्यंत टिकते. मग बसस्टॉपवरच्या जाहिरातीतली पुडी येते, ‘न सांगता दारू सोडवा’, चहातून द्यायची. पुडीत काय आहे ते छापलेलं नसतं. डॉक्टर डायसल्फिराम देतात. ते पोटात असताना माणूस प्यायला तर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून डॉक्टर ते पेशंटला सांगितल्याशिवाय देत नाहीत. तुम्ही दहा वर्षांचे आहात, तुम्हाला चालेल. साखर जरा जास्त घालावी.

‘एकदम बंद करा, ताकीद द्या’ म्हणणारे काकाही असतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर हात थरथरतात, फिट येते, भिंतीवर नसलेली माणसं दिसतात, जीवही जाऊ शकतो. त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. तुमच्याकडे लिंबू उतरवतील. ते चौकात नेऊन टाकायचं काम तुमचं.

येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, आणि तिथून बरे होऊन आलेले लोक पुण्यात चिकार आहेत. पण तिथे दारात पाऊल टाकायचं तर आपल्या घरात दारू आहे हे कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं. इतकी वर्षं ड्युटी, उंदीर, सही करून तुम्ही ते झाकलंत. आता तुम्हीच बोलणार? घराण्याची अब्रू आहे काही.

आईबद्दल तक्रार करू नये. ती चार घरची कामं करते, दमून येते, आणि बापावर टाकता येत नाही तो हात तुमच्यावर पडतो. कामावरच्या काकू तिला दर दिवाळीला विचारतात, ‘अगं, सोडत का नाहीस त्याला?’ आणि कोरी पानं उरलेल्या वह्या देतात. सोडून जायचं कुठे, हा विषय त्यानंतर चहाचा कप विसळण्यात निघून जातो. बापाबद्दलही वाईट बोलू नये. वस्तीत कुणालाही विचारा, ‘प्यायलेला नसला की देवमाणूस.’ गोम अशी की हे खरं असतं. देवाची दर्शनाची वेळ सकाळी सात ते साडेआठ.

एवढं सगळं जमलं तर दहावीला नव्वदच्या पुढे टक्के काढावेत. मग फोटो काढायला लोक येतात. पेढा भरवणारी आई आणि मागे स्टोव्ह, असा फोटो लागतो, त्यासाठी स्टोव्ह आदल्या दिवशी घासू नये, गरिबी दिसत नाही. बापाला अंघोळ घालून उभं करावं किंवा सरळ मामाकडे पाठवावं. ‘परिस्थितीवर मात’ असा मथळा येईल. परिस्थिती मामाकडे गेलेली असते.

पण तुम्हाला 48 टक्के पडले तर? तर घरात काय चालत होतं ते सांगायला जाऊ नका, त्याला कारणं देणं म्हणतात. तीच विळी, तीच भजी, तोच मावशींचा ओटा, धाकट्याच्या वाट्यालाही तेच आलं होतं. त्याला 48 पडले. त्याचा फोटो कुणी काढला नाही. तो आता रात्री पार्सलं पोचवतो, आणि शनिवारी दोन बिअर घेतो तेव्हा सगळी गल्ली म्हणते, ‘बापावर गेला.’

तुम्ही मात्र शहाणे निघालात. बाणेरला ऑफिस, शुक्रवारी पार्टी, तुमच्या हातात लिंबू सरबत. कोण तिसऱ्या पेगला रडणार, कोण मॅनेजरशी भांडणार, हे तुम्हाला ग्लास धरायच्या पद्धतीवरून कळतं. भांडणाऱ्याच्या हाताशी असलेली काचेची बाटली हलकेच उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवावी. रडणाऱ्याला पाणी द्यावं, त्याचा बूट शोधावा, कॅब बोलवून पत्ता ड्रायव्हरला दोनदा सांगावा. कुणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणेल, ‘यार, तू किती मॅच्युअर आहेस! घरचे संस्कार.’

थँक्यू म्हणावं.