भाकरी बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही

“साखर सोडा, कॅन्सर आपोआप मरेल” हा मेसेज सोलापुरात घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. आता केमो चालू असलेल्या आमच्या आत्याने त्यापायी भाकरी सोडली, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही. मेसेज म्हणतो: कॅन्सरची पेशी फक्त ग्लुकोजवर जगते, हे सिद्ध केल्याबद्दल ओटो वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं, म्हणून १५ दिवस साखर, भाकरी, भात बंद, गोड हवंच तर गूळ, आणि रोज सकाळी खायचा सोडा घातलेलं लिंबूपाणी.

नोबेलचं आधी बघू. ते मिळालं श्वसनाच्या एन्झाइमचं स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. अधिकृत कारणात कॅन्सरचा उल्लेखच नाही. हां, गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज फोडून त्याचं लॅक्टेट नावाचं आम्ल करतात, हे वॉरबर्गने १९२० च्या दशकात दाखवलं होतं. तेवढं खरं आहे, आणि कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायचा पेट (PET) स्कॅन याच सवयीचा उपयोग करतो. पण त्या पेशी ग्लुटामिन (प्रथिनांतला एक घटक) आणि चरबीही वापरतात, त्यामुळे “फक्त ग्लुकोजवर” हे साफ खोटं.

आणि ग्लुकोज फोडणं, म्हणजे ग्लायकोलिसिस, ही काही कॅन्सरची मक्तेदारी नाही. तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीत त्याच १० पायऱ्या चालतात. एका ग्लुकोजमागे निव्वळ कमाई दोन एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी. तांबड्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे कारखाने, नसतात, त्यांचा सगळा संसार या दोन एटीपीवर. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतो. रक्तातला ग्लुकोज खरोखर संपवता आला असता, तर गाठीआधी माणूस गेला असता.

तो संपत नाही, कारण यकृत संपू देत नाही, आणि मेसेजचा सल्ला सगळ्यात घातक ठरतो तो इथेच. खाणं थांबलं की यकृत आधी ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेला ग्लुकोज, मोडतं. साठा जेमतेम १०० ग्रॅम, दिवसभरात आटोपतो. मग अमिनो आम्लांपासून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांपासून, ग्लुकोज बनायला लागतो, आणि ती येतात स्नायूंतून. पूर्ण उपासाच्या पहिल्या काही दिवसांत रोज साधारण ७५ ग्रॅम स्नायूंची प्रथिनं जातात, म्हणजे पाव किलोपेक्षा जास्त मांस. गाठीला ग्लुकोज मिळतच राहतो. झिजतात पेशंटच्या मांड्या आणि दंड. वजन घसरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो.

म्हणून केमोत रोज किलोमागे किमान १ ग्रॅम, जमलं तर दीड ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी पोटात जायला हव्यात. ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं आणि १२५० ते १५०० कॅलरी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून द्या, कडक भाकरी असेल तर आमटीत नीट भिजवून. तोंड आलं असेल तर शेंगाची चटणी नको; बिनतिखटाचं शेंगदाण्याचं कूट, अंडं, दही द्या. एका वेळी जात नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. दर आठवड्याला वजन करा आणि घटलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

गूळ? तोही मुख्यतः सुक्रोजच, पोटात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होणारा. सोड्याने रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, हलत नाही. फुप्फुसं आणि किडन्या तो ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. मात्र सोडियम वाढतं, आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्याला ते महागात पडतं.

मधुमेह असेल, किंवा केमोसोबतच्या स्टेरॉइडने शुगर चढत असेल, तर साखर मोजूनमापूनच घ्यावी, यात वाद नाही. पण इन्सुलिन चालू ठेवून भाकरी बंद केली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर त्या क्षणी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.