‘समाजशास्त्राचे प्राध्यापक गावाच्या काय कामाचे?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्यात तीन दावे आहेत. समाजशास्त्र हा दुसरीकडे कुठे प्रवेश न मिळालेल्या मुलांनी घ्यायचा विषय आहे. या विषयाच्या प्राध्यापकांचे संशोधन म्हणजे गावाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उतरवणे, कारण शेतकरी दारूमुळे आणि लग्नातल्या उधळपट्टीमुळे जीव देतो हे पारावरचा कोणीही सांगू शकतो. आणि समाज बदलतात ते कार्यकर्ते, वर्गात शिकवणारे नव्हेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात हाच विषय शिकवते, म्हणून उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण त्याने प्राध्यापकांपेक्षा मेलेल्या माणसावर आणि त्याच्यामागे उरलेल्या घरावर अधिक अन्याय होतो. गेलेला कास्तकार पीत होता, हे एखाद्या घरापुरते खरे असेलही. परंतु त्याच गावात पिणारे आणि तरीही जगत असलेले किती, कर्ज असूनही तगून राहिलेले किती, हे विचारल्याशिवाय दारूला कारण ठरवता येत नाही. पारावर फक्त मेलेल्या माणसाची चर्चा होते. त्याच्यासारख्याच परिस्थितीत जगलेल्या शेजाऱ्याशी त्याची तुलना तिथे कोणी करत नाही. नेमकी ही तुलना संशोधनाने केली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्यातील आत्महत्यांचा अभ्यास करून २००५ साली अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्र यांचा अहवाल आला. मिश्र हे अर्थशास्त्राचे अभ्यासक आहेत, पण त्यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या आपल्याच जिल्ह्यांत आत्महत्या झालेली कुटुंबे आणि आत्महत्या न झालेली कुटुंबे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, आणि ही पद्धत सगळ्याच समाजविज्ञानांची आहे. दोन्हींत फरक दिसला तो डोक्यावरच्या कर्जात, घरच्या मालमत्तेत आणि शेतातून हाती येणाऱ्या मिळकतीत. आत्महत्या हा केवळ एका मनाचा कमकुवतपणा नसून माणसाला धरून ठेवणारे सामाजिक बंध कसे आहेत यावरही ती अवलंबून असते, ही मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांनी १८९७ सालीच केली होती.

लग्नाच्या खर्चाला ‘उधळपट्टी’ म्हणणेही तितकेच उथळ आहे. मुलीच्या बापाला हुंडा आणि मानपान नाकारता येत नाही, कारण नाकारल्यावर सोयरीक मोडते. तो खर्च त्याच्या हौसेचा नसून जातीच्या चौकटीतच सोयरीक करण्याच्या बंधनाची ती किंमत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हेच जातिव्यवस्थेचे मर्म असल्याचे दाखवून दिले होते. ते निरीक्षण गावाला ‘आधीच ठाऊक’ असते, तर आजही आपल्या गावांत जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरांना घर सोडून पळावे लागले नसते.

निदान चुकले की उपायही चुकतो. २००६ च्या जुलैमध्ये केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. ते किती पोहोचले यावर वाद जरूर घालावा, पण प्रश्न व्यसनी माणसांचा नसून एका प्रदेशाच्या शेतीचा आहे, एवढे तरी त्यात मान्य झाले होते. गावागावांत मात्र विधवेला अजूनही ऐकवले जाते, की तुझा नवरा दारूने गेला. हा संदेश पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या बाईला हेच पुन्हा ऐकवतो.

आता पहिला दावा. आमच्या वर्गात सालदारांची, रोजदारीवर जाणाऱ्यांची आणि दोन-तीन एकरांच्या कास्तकारांची मुले असतात, आणि त्यांतली पुष्कळशी आपल्या घरातली पहिलीच महाविद्यालयात आलेली असतात. त्यांना मी दरवर्षी एक काम देते : घरच्या शेतात निंदण, खुरपण आणि कापसाची वेचणी कोण करते ते लिहा, आणि मग सातबारा काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेतीची धारणा महिलांच्या नावावर असण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्केच आहे, हा आकडा पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्या आईचे नाव आपल्याच शेताच्या कागदावर नाही हे पाहणे वेगळे. या विषयाचा उपयोग काय, असे त्यानंतर त्या वर्गात मला कोणी विचारलेले नाही.

तिसऱ्या दाव्याला गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पुरेसे आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवला. गावकरी आणि बाहेरचे जाणकार त्यात एकत्र बसून कायदा, जंगल आणि स्वतःचे व्यवहार समजून घेत. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या अभ्यासू कार्यकर्त्याची साथ होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूची वाहतूक आणि विक्री करण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. अभ्यास आणि चळवळ यांत निवड करायची असते, असे त्या गावाला कधी वाटले नाही.

या संदेशामागचा एक राग मात्र खरा आहे, आणि तो मला मान्य आहे. प्रश्नावली भरून घेऊन परत न फिरकणारे अभ्यासक आमच्यात आहेत. काही वर्षांपूर्वी मीही सर्वेक्षण करून आले आणि निष्कर्ष एका चर्चासत्रात इंग्रजीत वाचले. दुसऱ्या वर्षी त्याच गावात गेले, तेव्हा एका म्हातारीने विचारले, “बाई, तुमचे कागद भरले, आमचा कागद कवा भरान?” नवरा जाऊन अनेक वर्षे झाली होती, आणि तिची वारस नोंद झालेली नव्हती. त्या वर्षीपासून आम्ही निष्कर्ष मराठीत लिहून आधी ग्रामसभेत वाचतो, आणि सर्वेक्षणाला जाताना विद्यार्थ्यांच्या पिशवीत प्रश्नावलीबरोबर वारस नोंदीचे कोरे अर्जही असतात.