लिंक टाकली, कुलूप दिसलं, म्हणजे दुकान सेफ?

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय: ईबुक, टेम्प्लेट, कोर्स असलं काही विकायचं तर फार डोकं लावू नका, पेमेंटनंतरच्या थँक्यू पेजवर ड्राइव्हची लिंक द्या, पीडीएफला पासवर्ड लावा, साइटला कुलपाचं चिन्ह असलं की झालं, सगळं सेफ.

आधी थँक्यू पेज, कारण खरा घोळ तिथेच आहे. ते पेज उघडलं म्हणजे पैसे आले असं नसतं हो, कुणीतरी तो पत्ता उघडला एवढंच. माझं तर ते पेज सर्च इंजिननेच शोधून काढलं होतं, लोक थेट तिथे उतरून फाइल नेत होते आणि मी आपला विक्री का थंडावली म्हणून जाहिराती बदलत बसलेलो. पैसे आल्याचा निरोप पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला वेगळा पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यावरची डिजिटल सही (निरोप खरंच गेटवेकडूनच आलाय याची खूण) तपासायची, रक्कम आणि ऑर्डर नंबर आपल्या नोंदीशी जुळवायचा, मगच फाइल सोडायची. रक्कम का, तर किंमत पेजमधूनच पाठवत असाल तर ब्राउझरमध्ये ती बदलणं अजिबात अवघड नाही. आणि तोच निरोप कधी दोनदा येतो, तेव्हा ऑर्डर आधीच पूर्ण झालीय का बघा, नाहीतर एका पेमेंटवर दोन लायसन्स की (माल वापरायचे कोड) जातील.

ड्राइव्हची उघडी लिंक एकदा ग्रुपमध्ये पडली की विषय संपला. मुदतीची साइन्ड लिंक द्या, म्हणजे तुमच्या सर्व्हरने सही करून बनवलेली, ठरल्या वेळेनंतर आपोआप बंद पडणारी. अ‍ॅमेझॉन एस३ (फाइली ठेवायची क्लाउड सेवा) वर ती जास्तीत जास्त ७ दिवसांची करता येते, पण तासाभराचीही पुरते, संपली तर गिऱ्हाईक ईमेलवरून नवीन मागवेल.

पासवर्डचं काय, फाइल फॉरवर्ड करणारा पासवर्डही करतोच की! कॉपी-प्रिंटची बंदी तर रीडर अ‍ॅपने पाळली तर पाळली. विकत घेणाऱ्यानेच वाटायचं ठरवलं तर पूर्ण थांबवता येत नाही हे मान्य, अ‍ॅपलनेसुद्धा २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरचं डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, काढलं. त्यापेक्षा पानापानावर खरेदीदाराचा ईमेल छापा, वाटताना हात जरा अडखळतो.

आता साइटचं कुलूप. ते फक्त ब्राउझर आणि साइटमधल्या वाटेतला डेटा झाकतं, फसव्या साइटलाही ते मिळतं.

आणि चार्जबॅकबद्दल, म्हणजे गिऱ्हाईकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत ओढण्याबद्दल, पोस्टमध्ये अवाक्षर नाही. डिजिटल मालाला कुरियरची पावती नसते, त्यामुळे कुणी, कधी, कुठल्या आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) डाउनलोड केलं याचा लॉग, म्हणजे नोंद, हाच तुमचा पुरावा, आणि ड्राइव्हच्या उघड्या लिंकवर तो मिळत नाही.