बिलातल्या 225 रुपयांत सरकारचे किती?

गेल्या आठवड्यात देवगडला गावी होतो. शेजारच्या काकींनी देवघरातल्या डब्यातून फोनचं बिल काढून माझ्यापुढे धरलं. त्या घरात एकट्याच असतात. मुलगा मुंबईला, त्यानेच आईला 399 रुपयांचा पोस्टपेड नंबर घेऊन दिलाय. बिल होतं 624 रुपये 22 पैशांचं. पहिल्या पानावर दोनच ओळी: मासिक भाडं 399 आणि त्याखाली 'शुल्क व कर' 225.22.

"काकी, हे सव्वादोनशे कसले, विचारलंत कोणाला?"

"ता सरकारचा आसा मां? मगे भरूक व्हयाच."

गेले आठ महिने त्या हे असेच भरतायत. वीज, घरपट्टी, पाणीपट्टी एक दिवस उशिरा न भरलेली बाई. 'कर' हा शब्द दिसला की त्यांच्या लेखी प्रश्न संपतो.

दुसरं पान उघडलं. विलंब शुल्क 100. कुठल्याशा गाण्यांच्या सेवेचे 30. आणि जीएसटी 95.22, म्हणजे केंद्राचा 9 टक्के 47.61 आणि राज्याचा 9 टक्के 47.61. बस. सव्वादोनशेतले सरकारचे फक्त हे 95 रुपये. बाकीचे 130 कंपनीने तिच्या मर्जीने लावलेले. त्यात भर म्हणजे विलंब शुल्कावरही जीएसटी लागतो, कारण कायद्याने ते सेवेच्या किमतीतच धरलं जातं. म्हणजे या 130 रुपयांपोटी काकींनी 23 रुपये 40 पैसे करही भरला. नुसत्या 399 वर तो 71.82 झाला असता.

मला राग आला तो त्या एका ओळीचा. कंपनीचा दंड आणि सरकारचा कर एकाच नावाखाली, एकाच आकड्यात घालायचा, म्हणजे साध्या माणसाने विचारूच नये. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हे बंद करायला हवं: पहिल्याच पानावर, मराठीत, कराची ओळ वेगळी आणि कंपनीच्या शुल्काची वेगळी.

आणखी एक गैरसमज गावोगाव ऐकतो, की फोनचे दर सरकारच ठरवून देतं. मोबाईलच्या प्लॅनची किंमत ट्राय ठरवत नाही. ती कंपनी ठरवते आणि ट्रायला कळवते. सरकार ठरवतं तो कर. सेवाकर 15 टक्के होता, 1 जुलै 2017 पासून जीएसटी 18 टक्के झाला. ओटीपीशिवाय बँकेचं काम होत नाही, गॅस फोनवर नोंदवायचा, अशा दिवसांत फोनवर 18 टक्के मला फार वाटतात. पण तो भांडणाचा वेगळा मुद्दा, तो दिल्लीत मांडायचा.

सरकारचा अजून एक वाटा असतो, तो बिलावर दिसत नाही. कंपनी तिच्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे ठरलेल्या वजावटी करून उरणाऱ्या महसुलाच्या, 8 टक्के परवाना शुल्क म्हणून भरते. या आठांपैकी 5 टक्के गावाखेड्यात फोन पोचावा यासाठीच्या निधीत जातात. 2002 पासूनचा हा निधी, आता त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' आहे. कंपनीचा महसूल म्हणजे शेवटी आपलीच बिलं. आमच्या वाडीत आजही रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं. पावसात छत्री धरून कातळावर उभं राहून मुलांनी लॉकडाऊनमध्ये तास केलेत. बिलातला हा वाटा इतकी वर्षं जातोय, तेव्हा टॉवर मागणं हा आमचा हक्क आहे, कोणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही. ग्रामसभेत हे बोला.

काकींच्या बिलाचं काय झालं? 198 वर फोन लावला. हा तक्रारीचा नंबर, पैसे पडत नाहीत. तक्रार क्रमांक मागून घ्या, तो नसेल तर पुढे काही चालत नाही. गाण्यांची सेवा ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय सुरू करता येत नाही, हा ट्रायचा 2013 पासूनचा दंडक. काकींनी कधी होकार दिला ते दाखवा म्हटल्यावर सेवा बंद झाली आणि 30 रुपये पुढच्या बिलात वळते करायचं कबूल केलं. या सेवा 155223 वरूनही बंद करता येतात.

विलंब शुल्काला मात्र नकार. बिल टपालाने मुदत उलटल्यावर हातात पडतं, हे पाकिटावरचा शिक्का दाखवून सांगितलं, तरी नाही. मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेलो. नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत जावं लागतं, फी नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. अर्ज काकींच्या सहीने गेलाय, सोबत आठही पाकिटांचे फोटो.

मुंबई-पुण्याला असलेल्यांनी आईवडिलांच्या बिलाचं दुसरं पान एकदा मागवून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो चालतो. बिल ईमेलवर येत असेल तर ते तुमच्याच फोनमध्ये न उघडता पडलेलं असेल. नुसतं बोलण्यापुरतं लागत असेल तर प्रीपेडही बघा, इंटरनेट नसलेले पॅक ठेवणं ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलंय. काकींसाठी आम्ही तेच घेणार आहोत, फक्त अपिलाचा निकाल येईपर्यंत नंबर आहे तसाच ठेवलाय.